घरच्या सीएनसी राउटरसाठी मोटर कशी निवडावी

"नेमा १७ घेऊ की नेमा २३?" घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमानं लाकूड कापणारं-कोरणारं मशीन, बांधायला निघालेला प्रत्येक जण सगळ्यात आधी हेच विचारतो. (नेमा १७, २३ ही मोटरींची मापं.) खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. काय कापायचं, बिट (कापणारं पातं) लाकडातून किती वेगानं सरकायला हवा, स्क्रू कोणता, पॉवर सप्लाय किती व्होल्टचा, एवढं ठरलं की मोटर जवळजवळ ठरलेलीच असते. मोटरी आधी घेऊन ठेवल्या, की पुढं स्क्रूपासून ड्रायव्हरपर्यंत (मोटरला करंट देणारा बोर्ड) सगळं त्यांच्या सोयीनं निवडावं लागतं, आणि मशीन चालू झाल्यावर कळतं की ताकद आहे पण वेग नाही.

पहिल्यांदाच मशीन बांधणाऱ्यांसाठी मी एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत नेतो. कामाची जागा ६०० बाय ९०० मिमी. कापायचं प्लायवूड, एमडीएफ, सागवान. म्हणजे नेमप्लेट, देव्हाऱ्याची जाळी, कपाटाच्या दारावरचं नक्षीकाम. स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, ८०० वॅटचा, बिट ६ मिमीचा. तुमचं मशीन वेगळं असेल तर आकडे बदला, पण क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी: वेग ठरवा

नवख्या माणसाला वाटतं की वेग ही चैन आहे. मशीन सावकाश चाललं तरी काम होईलच. लाकडाच्या बाबतीत हे खरं नाही. बिटाच्या प्रत्येक धारेनं प्रत्येक फेरीत लाकडाचा एक छोटा तुकडा उचलायला हवा. स्पिंडल १८,००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) आहे, बिटाला दोन धारा आहेत, आणि मशीन मिनिटाला ३००० मिमी सरकतंय असं धरा. ३००० ला ३६,००० नं भागलं की एका धारेच्या वाट्याला ०.०८ मिमी येतं. धार नीट कापते, भुसा दाणेदार पडतो.

आता तेच मशीन मिनिटाला ६०० मिमीनं चालवलं तर वाटा ०.०१७ मिमीवर येतो. एवढ्यात धार कापत नाही, घासते. बिट तापतो, सागवानाची कड काळी पडते, एमडीएफचा धूर निघतो आणि चांगला कार्बाइडचा बिट थोड्याच दिवसांत बोथट होतो. स्पिंडलचा वेग उतरवून थोडं सावरता येतं, पण त्यालाही मर्यादा आहे, कारण लहान स्पिंडल फार खालच्या वेगाला दम धरत नाहीत.

म्हणून आपल्या मशीनला कापताना मिनिटाला ३००० मिमी जमलंच पाहिजे. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब यावर उभा आहे.

दुसरी पायरी: स्क्रू निवडा

मोटर गोल फिरते, गँट्री (स्पिंडल धरणारी आडवी कमान) सरळ सरकते. या दोघांच्या मधे जे बसतं त्यावर मोटरचं निम्मं काम ठरतं. इथं बघायचा आकडा म्हणजे लीड: एका फेरीत नट किती पुढं सरकतो ते.

बाजारात सहज मिळणारे पर्याय चारच. थ्रीडी प्रिंटरमध्ये असतो तो ८ मिमी जाडीचा, चार आट्यांचा लीडस्क्रू. त्याची लीड ८ मिमी. एसएफयू१६०५ बॉलस्क्रू, ज्याच्या नटात गोळ्या फिरतात; जाडी १६, लीड ५. त्याचाच भाऊ १६१०; लीड १०. आणि जीटी२ बेल्ट. २० दात्यांच्या पुलीवर एका फेरीत ४० मिमी. प्लायवूडची आठ बाय चारची अख्खी शीट कापणारी मशीन रॅक आणि पिनियनवर (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) चालतात, पण तो घरच्या पहिल्या मशीनचा विषय नाही.

आपला वेग ३००० मिमी. १६०५ वर तो गाठायला मोटर ६०० आरपीएम फिरायला हवी. ८ मिमी लीडच्या स्क्रूवर ३७५, बेल्टवर अवघे ७५.

आकडे बघून ८ मिमीचा स्क्रू आणि बेल्ट बरे वाटतात. पण ८ मिमीचा बारीक स्क्रू मीटरभर लांब घेतला, की ५०० आरपीएमच्या आसपास तो मधे वाकून फिरायला लागतो आणि अख्खं मशीन थरथरतं. आपल्याला तर कापताना ३७५ हवेत, म्हणजे मोकळ्या हालचालीला जागाच उरत नाही. शिवाय पितळी नट झिजतो आणि दिशा बदलताना ढिलेपणा (खेळ) येतो. बेल्ट ताणला जातो. लेझर किंवा पेन प्लॉटरला चालतो, सागवानात शिरलेल्या ६ मिमी बिटाला नाही. १६०५ ची मीटरभर लांबी एका टोकाला पक्क्या बेअरिंगमध्ये आणि दुसऱ्या टोकाला साध्या बेअरिंगमध्ये बसवली, तर हजार आरपीएमच्या पुढंही शांत फिरते. तेव्हा १६०५.

तिसरी पायरी: किती जोर लागेल?

कापायला लागणारा जोर कोणी नेमका सांगत नाही. लाकूड बदललं, बिटाची धार गेली, किती खोल कापताय ते बदललं, की आकडा बदलतो. पण त्याची वरची मर्यादा काढायची एक सोपी वाट आहे: स्पिंडलकडं बघा. स्पिंडल जेवढं ढकलू शकत नाही, तेवढा जोर बिटावर येऊच शकत नाही, कारण त्याआधी तो अडकून थांबेल.

८०० वॅटचा स्पिंडल २४,००० आरपीएमला साधारण ०.३२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) देतो. बिटाची त्रिज्या ३ मिमी. ०.३२ ला ०.००३ नं भागलं की १०६ न्यूटन, म्हणजे जवळपास ११ किलोचा जोर. स्पिंडल दमून थांबेल त्या क्षणाचा हा आकडा आहे; रोजच्या कापण्यात याच्या बराच खाली राहाल. त्यात रेलचं आणि सीलचं घर्षण मिळवू आणि सरळ १५० न्यूटन धरू.

आता स्क्रूचा हिशोब. जोर गुणिले लीड, भागिले ६.२८, आणि स्क्रूच्या कार्यक्षमतेनं पुन्हा भागायचं. बॉलस्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. १५० गुणिले ०.००५, भागिले ६.२८, भागिले ०.९: उत्तर ०.१३ न्यूटन-मीटर.

आश्चर्य वाटण्याइतका छोटा आकडा आहे. हाच हिशोब ८ मिमी लीडच्या साध्या स्क्रूवर, कार्यक्षमता निम्मी धरून केला तर ०.३८ येतो, जवळजवळ तिप्पट. म्हणूनच बॉलस्क्रूवर खर्च केलेला पैसा मोटरीत आणि ड्रायव्हरमध्ये परत मिळतो.

चौथी पायरी: वेग पकडायला किती लागेल?

जाळी कोरताना मशीन क्षणाक्षणाला थांबतं, वळतं, पुन्हा धावतं. या धावाधावीलाही टॉर्क लागतो, आणि इथं बहुतेक जण चुकीच्या गोष्टीला घाबरतात. "गँट्री बारा किलोची आहे, मोठी मोटर लागेल," असं सर्रास ऐकू येतं.

हिशोब करून बघा. १२ किलोची गँट्री ५ मिमी लीडच्या स्क्रूमधून मोटरला किती जड वाटते? फिरत्या वस्तूचं जडत्व ग्रॅम-चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात. गँट्रीचं येतं ७६. मीटरभर लांब, १६ मिमी जाड स्क्रूचं स्वतःचं येतं साडेचारशे ते पाचशे. आणि मध्यम नेमा २३ मोटरच्या रोटरचं सुमारे ३००. म्हणजे मोटर गँट्रीला ढकलण्यापेक्षा कितीतरी जास्त कष्ट स्क्रूला आणि स्वतःला फिरवण्यात घेते. गँट्रीचं वजन दोन किलोनं कमी करायला ॲल्युमिनियम पोखरत बसण्यात अर्थ नाही. ते वजन मजबुतीसाठी राहू द्या.

नेमा ३४ मोटरचा रोटर हजारावर, कधी दोन हजारांवर जातो. "मोठी मोटर घेतलेली बरी" म्हणून ती बसवली, तर ती बराचसा टॉर्क स्वतःचाच रोटर हलवण्यात घालवते.

आपण वेग दर सेकंदाला ५०० मिमी प्रति सेकंदानं वाढेल एवढं त्वरण धरू. सगळं मिळून ८५० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर जडत्वाला साधारण ०.०५ न्यूटन-मीटर लागतं. आधीच्या ०.१३ मध्ये ते मिळवलं की ०.१८. आता दुप्पट सुरक्षितता ठेवा. आपली मोटर स्टेपर, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेपनी) फिरणारी. तिला ही दुप्पट द्यावीच लागते, कारण ती भार पेलेनासा झाला की हळू होत नाही. ती स्टेप चुकवते, कंट्रोलरला (मशीनला हुकूम देणाऱ्या बोर्डाला) त्याचा पत्ता नसतो, आणि पुढचं सगळं डिझाइन दोन मिमी बाजूला कोरलं जातं.

तर आपली गरज: ६०० आरपीएम फिरत असताना सुमारे ०.३७ न्यूटन-मीटर. मोटर शोधताना हे वाक्य जसंच्या तसं डोक्यात ठेवायचं, "फिरत असताना" या दोन शब्दांसकट.

पाचवी पायरी: लेबल वाचायला शिका

नेमा ही अमेरिकेतल्या विद्युत उपकरण उत्पादकांची संघटना. तिच्या मानकातला १७, २३, ३४ हा आकडा मोटरच्या पुढच्या चौकोनी पट्टीची रुंदी सांगतो, इंचाच्या दहाव्या भागात. १७ म्हणजे १.७ इंच, ४२ मिमी. २३ म्हणजे साधारण ५७ मिमी, ३४ म्हणजे ८६ मिमी. ताकदीबद्दल हा आकडा काहीही बोलत नाही. एकाच नेमा २३ मध्ये अर्ध्या न्यूटन-मीटरची बुटकी मोटरही मिळते आणि तीन न्यूटन-मीटरची लांबुडकीही.

दुकानदार ताकद किलोत सांगतो: "दहा किलोची देऊ की एकोणीस किलोची?" हे किलो-सेंटिमीटर. १ न्यूटन-मीटर म्हणजे १०.२ किलो-सेंटिमीटर, तेव्हा दहानं भागलं तरी चालतं. आणि हा आकडा होल्डिंग टॉर्कचा असतो, म्हणजे मोटर जागेवर उभी असताना तिला हलवायला किती जोर लागतो त्याचा. उभ्या मोटरनं कोणी जाळी कोरत नाही. वेग वाढला की टॉर्क घसरतो, आणि तो किती घसरेल हे ठरवणारे आकडे लेबलवर नसतात, डेटाशीटमध्ये असतात. ती दुकानदाराकडून मागून घ्या. देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

डेटाशीटमधले तीन आकडे कामाचे: होल्डिंग टॉर्क, एका फेजचा करंट, आणि इंडक्टन्स. या तिसऱ्याकडं कोणी बघत नाही, आणि खरी गोम तिथंच आहे.

मोटरच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत. अशा वेटोळ्यात करंट एकदम शिरत नाही, त्याला वेळ लागतो. इंडक्टन्स जितका जास्त, तितका वेळ जास्त. मोटर हळू फिरत असेल तर वेळ भरपूर असतो. प्रत्येक स्टेपला करंट पूर्ण भरतो आणि पूर्ण टॉर्क मिळतो. वेग वाढला की करंट भरायच्या आतच पुढची स्टेप येते. मग करंट अर्धवट, टॉर्क अर्धवट. करंट लवकर भरायचा एकच उपाय: व्होल्टेज वाढवणं.

दोन मोटरी शेजारी ठेवून बघू. दोन्ही नेमा २३, दोन्ही बाजारात सर्रास मिळणाऱ्या. लहान मोटर १.२६ न्यूटन-मीटर, २.८ अँपिअर, २.५ मिलिहेन्री. मोठी ३ न्यूटन-मीटर, ४.२ अँपिअर, ३.८ मिलिहेन्री. टॉर्क कुठल्या वेगापर्यंत टिकतो याचा एक ढोबळ हिशोब आहे: व्होल्टेजला (दोन गुणिले हेन्रीतला इंडक्टन्स गुणिले करंट गुणिले २००) या सगळ्या गुणाकारानं भागायचं. उत्तर सेकंदाला किती फेऱ्या ते येतं. २०० यासाठी, की या मोटरची एक स्टेप १.८ अंशांची असते आणि एका फेरीत २०० स्टेप होतात.

लहान मोटर ३६ व्होल्टवर: साधारण ७७० आरपीएमपर्यंत दम टिकतो. मोठी मोटर २४ व्होल्टवर, जी जोडी बरेच नवखे घेतात: २२५ आरपीएमलाच दम संपतो. त्यापुढं टॉर्क वेगाच्या व्यस्त प्रमाणात उतरत जातो. हिशोबानं ६०० आरपीएमला मोठ्या मोटरकडं १.१ न्यूटन-मीटर उरतो, म्हणजे लहान मोटरच्याही थोडा खाली. ९०० ला लहान मोटर १.०८ वर असते आणि मोठी ०.७५ वर. होल्डिंग टॉर्क दुपटीहून जास्त, किंमत जास्त, ड्रायव्हर महाग, आणि पदरात कमी.

हे आकडे कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात घर्षण, कंपनं, ड्रायव्हरच्या मर्यादा यात निम्मं तरी जातं असं धरा. लहान मोटरकडं ६०० आरपीएमला तरीही ०.६ च्या आसपास उरतो, आणि आपली गरज आहे ०.३७. म्हणजे या मशीनच्या दोन्ही आडव्या अक्षांना "तेरा किलोची" नेमा २३, ३६ व्होल्टवर, पुरून उरते.

नेमा १७ चं काय? तिचा होल्डिंग टॉर्कच ०.४ ते ०.५ च्या घरात असतो, त्यामुळं ती या मशीनसाठी बाद. पण ३०० बाय १८० मिमीची टेबलावरची छोटी मशीन, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड) कोरणं, अॅक्रिलिकवर बारीक अक्षरं, लेझर, यासाठी ती उत्तम आहे. तिथं नेमा २३ बसवणं हा निव्वळ खर्च.

सहावी पायरी: व्होल्टेज आणि ड्रायव्हर

मोटरच्या लेबलवर कधीकधी "२.५ व्होल्ट" असं लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस घाबरतो: अडीच व्होल्टच्या मोटरला छत्तीस व्होल्ट कसे देऊ? बिनधास्त द्या. २.५ हा फक्त वेटोळ्याच्या ०.९ ओहम रेझिस्टन्सचा आणि २.८ अँपिअरचा गुणाकार आहे. आजचे ड्रायव्हर करंटवर पहारा ठेवतात. ठरवलेला आकडा गाठला की व्होल्टेज क्षणभर तोडतात, पुन्हा जोडतात, सेकंदाला हजारो वेळा. मोटरला करंट मोजूनमापूनच मिळतो, फक्त लवकर मिळतो.

किती व्होल्टेज चांगलं याचा एक जुना अंदाज असा, की इंडक्टन्सचं मिलिहेन्रीतलं वर्गमूळ काढून त्याला ३२ नं गुणायचं. आपल्या २.५ मिलिहेन्रीला सुमारे ५० व्होल्ट. ती वरची मर्यादा समजा. त्याच्या दोन तृतीयांशावरही मोटर सुरेख चालते आणि कमी तापते.

ड्रायव्हर निवडताना तीन नावं कानावर पडतील. ए४९८८ हा नखाएवढा बोर्ड थ्रीडी प्रिंटरचा. तो नेमा २३ ला जोडू नका, हीटसिंक लावूनही दोन अँपिअरच्या पुढं जात नाही. टीबी६६०० स्वस्त आणि लोकप्रिय, पण या नावाच्या डब्यात आतली चिप वेगळीही निघते आणि डब्यावरचे ४ अँपिअर प्रत्यक्षात पेलतीलच असं नाही. माझं स्पष्ट मत डीएम५४२ च्या बाजूनं आहे: २० ते ५० व्होल्ट, ४.२ अँपिअर पीक. मोटर कुरकुरत नाही, वेगात टॉर्क टिकतो. पैसे कमी पडत असतील तर स्पिंडल थोडा साधा घ्या, ड्रायव्हर चांगला घ्या.

या ड्रायव्हरवर बारीक स्विच असतात. करंट २.८४ पीकवर लावा. अर्धा तास मशीन चालवून मोटरला हात लावून बघा. गरम लागणारच, साठ-सत्तर अंशांपर्यंत स्टेपर मोटर तापते आणि ते तिला बाधत नाही. ताकद कमी पडत असेल तरच पुढचा स्विच.

मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे बारीक तुकडे करणं) १/८ ठेवा, म्हणजे एका फेरीला १६०० पल्स, मोटरला पुढं सरकवणारे इशारे. १६०५ वर मिमीला ३२० पल्स होतात. १/३२ लावलं की चौपट अचूकता येते हा गैरसमज आहे. एका मायक्रोस्टेपमागं मोटरकडं होल्डिंग टॉर्कचा थोडाच हिस्सा असतो. १/८ ला सुमारे २० टक्के, १/१६ ला १०. त्याहून बारीक केलं तर एवढाल्या जोरानं स्क्रूचं घर्षणच सुटत नाही. वर कंट्रोलरवर पल्सचा बोजा वाढतो तो वेगळाच. अर्डुइनो युनो या छोट्या बोर्डावर चालणारं जीआरबीएल हे कंट्रोलरचं सॉफ्टवेअर सेकंदाला ३०,००० पल्सच्या आसपास थकतं. ३००० मिमीच्या वेगाला १/८ वर १६,००० लागतात, हे आरामात बसतं. १/३२ वर ६४,००० लागतील, जे त्याला झेपणारच नाही.

पॉवर सप्लाय: मोटरींच्या करंटची बेरीज करा आणि दोन तृतीयांश घ्या. चार मोटरींचे ११.२ अँपिअर, म्हणजे साडेसात. ३६ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस पुरतो. ४८ चा घेण्याचा मोह होईल, पण मोटर झटक्यात थांबते तेव्हा ती उलटी वीज परत पाठवते आणि ५० व्होल्टच्या ड्रायव्हरला दोन व्होल्टची फट पुरत नाही. आणि एसएमपीएसच्या अर्थिंगच्या स्क्रूला खरंखुरं अर्थिंग जोडा. घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी पिन नुसती शोभेला असते, असं अनेक जुन्या घरांत आढळतं. आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

उभ्या अक्षाचा वेगळा विचार

चार मोटरी का? ९०० मिमीच्या अक्षाला दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू आणि एकेक मोटर लावा. ६०० मिमी रुंद गँट्री एकाच बाजूनं ढकलली तर ती तिरकी होते आणि रेलमध्ये अडकते. या दोन्ही मोटरी एकाच मॉडेलच्या, शक्यतो एकाच खरेदीतल्या घ्या.

उभ्या झेड अक्षाला मोटर तीच चालेल, पण इथं गुरुत्वाकर्षण आहे आणि आपल्याकडं वीज जाते. बॉलस्क्रू उलटाही फिरतो. मोटरची वीज गेली की जड वॉटरकूल्ड स्पिंडल स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली सरकू शकतो, आणि बिट कामावर येऊन टेकतो. ५ मिमी लीडवर हलका स्पिंडल बहुधा जागेवर राहतो; मोटरमधल्या चुंबकाची स्वतःची थोडी पकड असते. १० मिमी लीडवर भरवसा ठेवू नका. झेडला १६१० लावू नका, आणि स्पिंडल चार-पाच किलोचा असेल तर ब्रेकवाली मोटर किंवा वजन तोलून धरणारी स्प्रिंग लावा. लोडशेडिंगच्या गावात तर हे आधीच करा.

खरेदी आणि टेबलावरची चाचणी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली दुकानं, नाहीतर ऑनलाइन. भंगारात जुन्या मोठ्या प्रिंटरमधल्या जपानी मोटरी मिळतात आणि त्यांची घडण अप्रतिम असते. पण त्यांना कधी सहा वायरी असतात, इंडक्टन्स बऱ्याचदा चढा असतो, आणि डेटाशीट सापडेलच असं नाही. शिकायला जरूर घ्या. मशीनवर बसवायला नवी, डेटाशीटवाली मोटर बरी.

दुकानातच बघायच्या दोन गोष्टी. शाफ्टची जाडी: नेमा २३ ला ६.३५ मिमीही असते आणि ८ मिमीही, आणि कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) त्याच मापाचं लागतं. १६०५ स्क्रूचं टोक सहसा १० मिमीचं असतं, म्हणजे कपलिंग ६.३५-१० किंवा ८-१०. दुसरं, शाफ्टला सपाट पट्टा असावा. कपलिंगचा स्क्रू गोल शाफ्टवर घसरतो.

घरी आणल्यावर मशीनवर चढवायच्या आधी टेबलावर चालवून बघा. चार वायरींतल्या जोड्या ओळखायला मीटरही लागत नाही. शाफ्ट बोटांनी फिरवा, तो सहज फिरतो. आता कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून पुन्हा फिरवा. शाफ्ट अडखळत, जड फिरायला लागला की ती एक जोडी. उरलेल्या दोन म्हणजे दुसरी. जोड्या चुकल्या तर मोटर जागेवर थरथरते आणि फिरत नाही. जोड्या बरोबर आहेत पण दिशा उलटी आहे, तर एका जोडीतल्या दोन वायरी अदलाबदल करा.

एक नियम मात्र पाळाच: ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, सैलही ठेवू नका. त्या क्षणी वेटोळ्यातला करंट उसळी मारतो आणि ड्रायव्हर जळतो. आधी पॉवर बंद, मग एसएमपीएसवरचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग हात लावा.

शेवटची पायरी: मर्यादा शोधा आणि तिच्या आत राहा

हिशोब कितीही नीट केला तरी तुमचं मशीन प्रत्यक्ष किती पेलतं ते चालवूनच कळतं. जीआरबीएलमध्ये मिमीला ३२० पल्स टाका. कमाल वेग आधी १००० ठेवा, त्वरण १०० ठेवा. गँट्रीच्या वाटेत एका जागी डायल गेज (बारीक सरक सुईनं दाखवणारं मापक) पक्का बसवून शून्य करा. मग गँट्रीला पूर्ण लांबीत वीस-पंचवीस वेळा पुढंमागं पळवा आणि परत गेजवर आणा. सुई शून्यावर आली तर एकही स्टेप चुकलेली नाही.

वेग ५०० नं वाढवत न्या, दर वेळी तीच चाचणी. एका टप्प्यावर मोटर किंचाळून थांबेल किंवा सुई शून्यावर येणार नाही. तो आकडा टिपून ठेवा आणि सेटिंगमध्ये त्याच्या ६० टक्केच भरा. मग त्वरणाचंही तसंच. कुठल्या तरी मधल्याच वेगाला मशीन घुमू लागलं आणि वर-खाली शांत असेल, तर तो रेझोनन्स आहे. तेवढा वेग टाळा, मोटर बदलायची गरज नाही.

मर्यादा ३००० च्या खालीच येत असेल तर लगेच मोठ्या मोटरीकडं वळू नका. मोटर बंद करून स्क्रू हातानं फिरवून बघा. कुठं जड, कुठं हलका लागत असेल तर रेल समांतर नाहीत किंवा नटाचं ब्रॅकेट तिरकं आहे. तिथं फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) आणि शिम (फट भरायचे पातळ पत्रे) घेऊन केलेलं अर्ध्या दिवसाचं काम कुठल्याही मोठ्या मोटरपेक्षा जास्त देऊन जातं.

सर्वोचा मोह

क्लोज्ड-लूप स्टेपरमध्ये मोटरच्या मागं एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा) असतो. स्टेप चुकली तर ड्रायव्हरला कळतं, तो भरून काढतो, नाहीच जमलं तर अलार्म देऊन मशीन थांबवतो. महागड्या सागवानावर दहा-बारा तासांचं कोरीवकाम लावणार असाल तर हा खर्च सार्थकी लागतो, कारण एक वाया गेलेली फळीच फरकाची किंमत वसूल करते. एसी सर्वोचं गणित वेगळं आहे: ४०० वॅटचा सर्वो साधारण १.२७ न्यूटन-मीटर देतो, पण ३००० आरपीएमपर्यंत सलग देतो आणि क्षणभरासाठी तिप्पटही. असा सर्वो १६०५ वर मिनिटाला पंधरा मीटरचा वेग मागेल, आणि मीटरभर स्क्रू तेवढ्या आरपीएमला टिकणार नाही. सर्वो घ्यायचा तर १० मिमी लीड, जाड चौकट, सेकंदाला लाखभर पल्स देणारा कंट्रोलर, हे सगळं सोबत येतं. पहिल्या मशीनला हा घाट घालू नका. रोज आठ तास चालणारं, पोटापाण्याचं मशीन बांधायची वेळ आली की तेव्हा घ्या. हिशोब याच क्रमानं करायचा: आधी वेग, मग स्क्रू, मग जोर, आणि मोटर शेवटी.